जिवाणू चुकले असते तर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, प्रयोगशाळेतली सगळी मंडळी, आणि जिच्या निवृत्तीसाठी आपण जमलो आहोत ती माझी पत्नी,

इतक्या विद्वानांच्या सभेत मोटार शिकवणाऱ्या माणसाने काय बोलावं? पण अध्यक्षांनी आग्रह धरला. मी इथे वक्ता म्हणून नाही, तर तपासलेला नमुना म्हणून उभा आहे.

हिचं काम मला समजलं तेवढं सांगतो. पोटाला चांगले असणारे जिवाणू आपण औषध म्हणून घेतो ना, त्यांच्यात हिने असा बदल केला, की आतड्यात रक्त भेटलं की ते चमकतात. सोबत चमक टिपणारं इवलंसं यंत्र. दोन्ही एका कॅप्सूलमध्ये. आपण गिळायची, आतली बातमी बाहेर फोनवर येते. अडचण एवढीच, की ताटातल्या मटणातलं रक्तसुद्धा त्यांना तसंच वाटतं. म्हणून चाचणीआधी मांसाहार बंद.

धडधाकट माणसं हवी होती, मीही नाव दिलं. कॅप्सूल गिळली आणि माझे जिवाणू चमकले. झालं! सगळ्या प्रयोगशाळेने एकमताने निकाल दिला, साहेबांनी कुठेतरी मटणावर ताव मारला. माझी कीर्तीच तशी आहे, त्यांना दोष देत नाही. माझा आकडा बाद करायचंही जवळजवळ ठरलं होतं.

घरी आल्यावर ही पर्स न ठेवताच समोर बसली. म्हणाली, "अहो, खरं सांगा, खाल्लंत ना? मी अजिबात रागावणार नाही."

मंडळी, इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकलं. मी 'हो' म्हणावं म्हणून ती अक्षरशः जीव मुठीत धरून बसली होती. आणि खोटं कशाला बोलू, 'हो' म्हणायचा मोह मलाही झाला. पण मी म्हणालो, "नाही गं. या वेळी खरंच नाही."

तिने पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "मग माझे जिवाणूच चुकले असतील. चुकू देत."

जिवाणू चुकू नयेत म्हणून जिने निम्मं आयुष्य घालवलं, तिने हे म्हणावं? मला फार भरून आलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. दुर्बीण घालून पाहिलं, आतड्यात एक गाठ हळूहळू रक्त सोडत होती. वेळेवर सापडली, काढून टाकली. जिवाणू बरोबर होते.

गाठ सापडली त्या दिवशी प्रयोगशाळेतली ही सगळी मंडळी दवाखान्यात आली होती. हिचं यंत्र प्रथमच खऱ्या आजारावर खरं ठरलं होतं. पण माझ्याकडे बघून कोणाला अभिनंदन करायचा धीर होईना. बाकावर बसून ही रडत होती आणि सगळे बुटांकडे बघत उभे होते.

आपण मला बोलू दिलंत, आभारी आहे. कुणाची थट्टा जास्त झाली असेल तर पोटात घाला. फक्त एक विनंती आहे. मी आता ठणठणीत आहे. तेव्हा माझ्यामुळे त्या दिवशी अडलेल्या टाळ्या आज हिच्यासाठी वाजवा.