डावी डबी, उजवी डबी

…बरं, बसावं तर पाय हलायचा, आणि पाय हलला की बायको म्हणायची, "अहो… टेबल… हलतंय." अगं, टेबल कुठलं, मी हलतोय! आणि तुम्हाला सांगतो, मी मुळात शांत माणूस आहे हो! तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायची, श्वास रोखायचा आणि बसवायची. त्या दिवशी तीच स्प्रिंग धरली आणि चिमटा असा थरथरला, असा थरथरला, की स्प्रिंग उडाली ती गेलीच! डोळ्याला भिंग लावून मी फरशीवर रांगतोय, आणि गिऱ्हाईक वरून वाकून विचारतंय, "काका, काही हरवलं का?" म्हटलं, "हो, हात!"

हसताय? माझी पाचावर धारण बसली होती! घड्याळजीचे हात गेले, मग उरलं काय? दुकानाला कुलूपच की! त्यात छाती धडधडतेय, बाहेर लोक स्वेटर घालून फिरतायत आणि माझा सदरा घामानं ओला, जेवण दोन माणसांचं आणि विजार मात्र कमरेवर राहीना. पहाटे चारला उठून पंखे पुसायचो, माळा आवरायचो, भांडी घासायचो… मी! शांत माणूस!

आणि बायको? स्वेटरवर शाल, शालीवर दुसरी शाल. जिच्यापुढं रेडिओनं हार मानावी, ती एक वाक्य सुरू करायची, मी जाऊन दूध घेऊन यायचो, तरी क्रियापद यायचं बाकी! मला वाटलं, वय झालं, आली बिचारी वळणावर.

शेवटी गेलो डॉक्टरीणबाईंकडं. रक्त तपासलं. त्या म्हणाल्या, "हे बघा काका, गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. तिचं हार्मोन रक्तातून अंगभर फिरतं आणि शरीरानं किती वेगानं चालायचं ते ठरवतं." म्हटलं, "म्हणजे आमच्या घड्याळातली फास्ट-स्लोची कांडी!" "तीच समजा. आणि मेंदूच्या तळाशी असते पिट्युटरी, वाटाण्याएवढी. रक्तात हार्मोन कमी दिसलं की ती थायरॉइडला हुकूम सोडते, भरपूर दिसलं की गप्प बसते. तुमची अगदी गप्प आहे. थायरॉइड पण आराम करतेय. तरी रक्तात हार्मोन उतू चाललंय… आता खरं सांगा, कुणाची गोळी खाता?"

अशा बघितल्या माझ्याकडं, जसा मी चोरच! म्हटलं, "माझी ॲसिडिटीची, सकाळी उपाशीपोटी, बस्स! थायरॉइडची गोळी बायको खाते, सहा वर्षं…" आणि तुम्हाला सांगतो, तिथंच मला घरातल्या त्या दोन डब्या आठवल्या.

कारण काय, की मला घरात पाकिटांचा पसारा खपत नाही. म्हणून दोघांच्या गोळ्या काढून मी स्क्रू ठेवायच्या दोन डब्यांत भरल्या होत्या. गोळ्या दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बारीक. चिठ्ठी? छे! आमच्या धंद्यात स्क्रू कुठला ते त्याच्या जागेवरून ओळखायचं! बायकोला सांगितलं, "डावी डबी तुझी, उजवी माझी." आणि गोळ्या काढून देणार कोण? ती. बसणार कुठं? माझ्यासमोर! माझं डावं ते तिचं उजवं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं! चार महिने ती स्वतःची गोळी माझ्या हातावर ठेवतेय आणि मी "आण" म्हणून गिळतोय!

तिचंही रक्त तपासलं. तिथं सगळं उलटं. वाटाणा घसा फोडून ओरडतोय आणि थायरॉइड उठायचं नाव घेत नाही! डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "काका, तुमचे हात परत येतील, पण त्या डब्या आधी दुकानात न्या."

दोन महिन्यांत आले हो हात! स्प्रिंग बसवली त्या दिवशी मी दुकानात एकटाच रडलो, खोटं कशाला बोलू? आणि बायकोचीही गाडी रुळावर आली. सुसाट! पहिला प्रश्न, "म्हणजे पहाटे उठून भांडी घासत होतात, ती माझ्या गोळीमुळं?" म्हटलं, "हो ना!" "आणि रोज माझे पाय चेपून देत होतात, ते? तेही गोळीमुळंच?"

शांत माणूस आहे हो मी… चेपतोय आपला रोज, गोळीशिवाय!