तळाची ओळ

सवाई बेटाच्या बोटीसाठी लागलेल्या रांगेत लुपेच्या पुढे दोन म्हातारे उभे होते. एकाच्या काखेत मयताच्या घरी द्यायची बारीक विणीची चटई होती.

"सामू, फेतूच्या मयताला तू येशील असं वाटलं नव्हतं. त्याच्याशी अबोला होता ना तुझा?"

"होता. 'तुमचा गळा गेलाय, आता चर्चमधलं गाणं सोडा,' असा निनावी ईमेल आला होता मला."

"आणि तो फेतूनं धाडला?"

"मेल कुठून कुठे गेला, ते सगळं त्याच्या माथ्यावर लिहिलेलं असतं. मी उघडून बघितलं. पहिल्याच ओळीत आपलं चर्च. तिथला कॉम्प्युटर फेतूच बघायचा."

"मग तोच की."

"ते खालून वर वाचायचं असतं, बाबा. वरची ओळ पोचल्याची, माझे मेल चर्चच्याच कॉम्प्युटरवर येतात; तळाची निघाल्याची. काल कळलं मला. तळाला ऑकलंड होतं, माझ्या लेकीचं ऑफिस."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, आधी फेतूकाकांनाच गळ घातली होती, तुम्ही समजावा म्हणून."

"मग?"

"तो म्हणाला, मी नाही सांगायचो. गातोय तोवर गाऊ दे त्याला."

रांग पुढे सरकली. दोघं जागचे हलले नाहीत, आणि लुपेनंही त्यांना पुढे व्हा म्हटलं नाही.