टाळं काढल्या दिवशी कापड निघत नाही

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे ज्येष्ठ विश्वस्त माननीय शामराव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती डॉक्टर शरच्चंद्र धुरंधर, त्यांच्या सुविद्य पत्नी आनंदीबाई, वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, आणि समोर बसलेल्या माझ्या रुग्ण बंधू-भगिनींनो,

मी हरेश्वर, शीव कोळीवाड्याचा. इथे परळलाच गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत होतो. ब्याऐंशीच्या संपात बाहेर पडलो तो आजतागायत बाहेरच आहे. पुढे बायकोबरोबर मासळीच्या पाट्या उचलल्या. संयोजकांनी मला बजावलंय, चार गोड शब्द बोला आणि बसा. आता मासळीवाल्याच्या तोंडून गोड शब्द म्हणजे जरा कठीणच, पण प्रयत्न करतो.

माझी शांती डॉक्टरसाहेबांकडे आली तेव्हा बाजारातून घरापर्यंत येताना तीनदा बसायची. हाडांतल्या ज्या मगजात रक्त तयार होतं, तो मगजच बिघडला होता. अर्ध्याकच्च्या पेशी तयार व्हायच्या, एकही धड कामाची नाही. सारखं रक्त चढवावं लागायचं. पुढेमागे याचाच ब्लड कॅन्सर होतो, हेही साहेबांनी लपवलं नाही. म्हणाले, "एक इंजेक्शन आहे. कातडीखाली द्यायचं, दर महिन्याला सात दिवस, ती एक फेरी. एपिजेनेटिक औषध आहे."

मी म्हटलं, "साहेब, माणसांच्या भाषेत सांगा."

तर मलाच विचारतात, "तुमची गिरणी बंद पडली तेव्हा साचे मोडले होते का?"

"छे हो! साचे ठणठणीत होते. दाराला टाळं लागलं."

"मग तसंच समजा. पेशीला वाढवून शहाणं करणारी जनुकं आत शाबूत आहेत, पण त्यांना टाळं लागलंय. नेहमीची केमो पेशींना मारते. हे औषध टाळी काढत जातं. आता सांगा, टाळं काढल्या दिवशी कापड निघतं?"

नाही निघत! साफसफाई करायची, तेल द्यायचं, सुताचा बीम चढवायचा, तेव्हा कुठे साचा हलतो. एवढं कळायला मला डॉक्टर व्हायची गरज नव्हती. पण पुढे साहेब म्हणाले, "सहा फेऱ्या तरी धीर धरा. सुरुवातीला रक्त आणखी उतरेल, घाबरू नका." आणि माझं डोकं फिरलं! धीर धरा? संपात दर सभेला हेच ऐकलं होतं. त्या धीरापायी अख्खं गिरणगाव देशोधडीला लागलं. घरी येऊन शांतीला म्हटलं, हा माणूस डॉक्टर नाही, पुढारी आहे. ती म्हणाली, "पुढारी असा डोल्यात बघून बोलत नाय. मी टोचून घेनार."

दोन फेऱ्या झाल्या. साहेब म्हणाले होते तसंच रक्त उतरलं, आणि आपल्या रुग्णालयाची औषध समिती जागी झाली. एरवी ती कधी जागी असते, देव जाणे. समितीचा नियम असा, की दोन फेऱ्यांत गुण दिसला नाही तर औषध बंद. हा नियम कुठला? नेहमीच्या केमोचा. अहो, पापलेट आणि सुकट एकाच चुलीवर सारखाच वेळ ठेवाल का? पण समितीला कोण सांगणार? डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. सांगितलं म्हणजे भांडले! बाहेर बाकावर बसून मी ऐकत होतो. "औषध बंद करायचं तर आधी मला घरी पाठवा," असं म्हणाला हा माणूस, माझ्या बायकोसाठी, जिचं त्यांच्याशी नातं ना गोतं.

पाचव्या फेरीनंतर रक्त चढवणं थांबलं. शांती बाजारात जाऊन बसली आणि पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाशी भांडली. तेव्हा मला कळलं, गुण आला. जवळजवळ तीन वर्षं ती अशी भांडत जगली. मग दुखणं उलटलं आणि ती गेली. औषधाने ती कायमची बरी झाली, असं खोटं मी इथे सांगणार नाही. साहेबांनीही तसं वचन कधी दिलं नव्हतं. पण ती वर्षं माझी होती, आणि समितीने ती एका सहीनं पुसून टाकली असती. त्याचा राग माझ्या पोटात अजून आहे.

आणि शामराव, नियम बदलला का? नाही! समोर तिसऱ्या रांगेत गिरगावच्या नलूताई बसल्यात, तोंडाला मास्क लावून. त्यांना विचारूनच बोलतोय. दुखणं तेच, औषध तेच, फेऱ्या दोन झाल्यात, आणि काल समितीने त्यांचं औषध बंद केलं. भांडणारा माणूस निवृत्त होतोय ना, मग घाई कसली, एक दिवस तरी थांबायचं होतं! मघाशी तुम्ही म्हणालात, डॉक्टरांचा वारसा आम्ही जपू. कशात जपणार? भिंतीवरच्या तसबिरीत?

आमच्या गिरणीच्या दारावर सभा व्हायची, तिथे भाषणानंतर टाळ्या नसायच्या. ठराव मांडायचा आणि हात वर करायचे, मालक खिडकीतून बघत असला तरी. आज मी इथे ठराव मांडतो. सहा फेऱ्यांपर्यंत हे औषध कुणाचंही, गुण दिसत नाही एवढ्याच कारणाने, बंद होणार नाही. पुढे त्रास झाला तर काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, समिती नाही. मंजूर असेल त्यांनी हात वर करा.

सिस्टर, घाबरू नका, एवढ्या सगळ्यांना नोकरीवरून कोण काढतो? शाब्बास. डॉक्टरसाहेब, तो गुच्छ आनंदीबाईंकडे द्या आणि हात मोकळा करा. हां, आला. समितीचे दोघे मागे बसलेत, त्यांचेही वर आले. आता व्यासपीठावर एकच हात टेबलावर राहिला.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल संयोजकांचे आभार. पुन्हा बोलावणार नाहीत, तेही ठाऊक आहे. साहेब, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. मी अडाणी माणूस, बोलता बोलता कुणाला लागलं असेल तर पदरात घ्या. पण शामराव, मी अजून माइक सोडलेला नाही. तुमच्याकडेच बघतोय.

हां. खांद्यापर्यंतच आलाय, पण मी मंजूर धरतो. नलूताई, सोमवारी तिसऱ्या फेरीला या.