अकरा वह्या अन् एक पापडाचा डबा

...अन् वरून मलेच म्हणते, "काका, काळजीच करू नका, तुमची वही मी प्लास्टिकमध्ये घालून शोकेसमध्ये ठेवली, धूळ नाही बसणार!" धूळ! आता तुमी मले सांगा, म्या ते वही आठ दिवस शिवली, खळ लावली, दाबून ठेवली, बोटाले चार वेळा सुई टोचून घेतली, ते काय धूळ बसू नये म्हणून? अन् म्हणणारी कोण, तर आमच्या शेजारच्या नीलम मॅडम, शाळेत मराठी शिकवते! पोरायले निबंध लिहाले लावते अन् सोताची वही शोकेसात, सेमाडोहवरून आणलेल्या लाकडी वाघाच्या बाजूले! वाघ लिहिणार आहे काय? म्या म्हटलं, मॅडम, वही कशाले असते? लिहाले का ठेवाले?

तुमी म्हणसान, शेषराव, तुमाले आमी छंदावर दोन शब्द बोलाले बोलावलं अन् तुमी शेजारणीची चुगली लावून बसले. बराबर आहे जी. ज्येष्ठ नागरिक संघाची काही शिस्त असते. थांबा, खिशात पाहू द्या... हां. सुरुवातीपासून सांगतो.

झालं असं का, मागच्या मार्चात आमच्या दीक्षाले, म्हणजे माह्या लेकीले, अमरावतीले राहते ती, पोरगी झाली. बारशाले आमी दोघं अकोल्याहून गेलो. मांडव, पेढे, कूलर, सारं झकास! बाया म्हणल्या, आता आजीनं पाळणा म्हणावा. आजी म्हणजे आमची मनकर्णा. तिची माय आशाबाई, बार्शीटाकळीच्या इकडल्या खेड्यात राहे, निंदाले जाये अन् निंदता निंदता गाणी जोडे. एकही गाणं कुठं लिहिलेलं नाही, लिहिता कोणाले येत होतं! माय गेली, गाणी मनकर्णाच्या तोंडात राहिली. तर मनकर्णानं पाळण्याची दोरी धरली अन् सुरू केलं, "निज माये निज, वारा दारात थांबला..." अन् थांबली! वाराबी थांबला अन् मनकर्णाबी थांबली. पुढची ओळच येईना! तिनं पुन्हा म्हटलं, "वारा दारात थांबला..." बायायले वाटलं गाणंच तेवढं आहे, त्याइनं टाळ्या वाजवल्या अन् पेढ्यावर गेल्या. कोणाले काही समजलं नाही. मले समजलं. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर आलं. तवा मनकर्णा खिडकीतून बाहेर पाहत म्हणते, "अवो, मायचं गाणं गेलं. आज एक गेलं, उद्या बाकीचे जातीन." मले लय वाईट वाटलं जी. असं वाटलं का माणूस दुसऱ्यांदा मरून राहिलं.

आता दुसरा कोणी असता तर म्हणला असता, हे घे पेन, लिहून काढ, झालं! पण मी पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस! आमच्यात काम नंतर, रजिस्टर पयले! अन् दुकानातली वही घेवाची तर तिची पानं तीन महिन्यात सुटून वाऱ्यावर. गाणी सुटली तशी पानंबी सुटली तर मंग बसा बोंबलत! म्हणून म्हटलं, शेषराव, वही सोता बांधाची. मजबूत. दोनशे वर्षं टिकली पायजे.

मंग गेलो शफीभाईकडं. शफीभाई म्हणजे आमच्या हापिसचे रजिस्टर तीस वर्षं बांधणारा माणूस. मले पाहून म्हणे, "आओ साहेब, कौनसा रजिस्टर फटा?" म्या म्हटलं, फाटलं नाही, मले बांधाले शिकव. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "साहेब, तीस साल तुमारे हापिसवाले फाडते रहे, मैं सीता रहा. अब तुमीच सियेंगे तो फाडेगा कौन?" पण शिकवलं बिचाऱ्यानं! कागद एकात एक दुमडून गड्डी कराची, तिले म्हणते जुज, असे दहा-बारा जुज दोऱ्यानं एकमेकाले शिवाचे, पाठीवर मैद्याची खळ, त्यात मोरचूद, का किडा लागू नये, वरून पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कापड, आतून रंगीत लाटायचा अबरी कागद... अन् मी सुई अशी दाबो का शफीभाई दुकानाच्या त्या टोकाहून ओरडे, "साहेब, हलका हाथ! ये सुई है, तुमारा शिक्का नहीं!"

अन् माहे कागद दुमडले का वाकडे! एक पूर्वेले, एक पश्चिमेले. म्हणून शिवणं झालं का कडा सारख्या कराले मशीनवर दोन-दोन बोटं कापा लागे. शफीभाईच्या वहीतून कात्रण निघे दोऱ्यासारखं, माह्या वहीतून निघत पट्ट्या! लांबच लांब, कोऱ्या. तो हातात घेऊन म्हणे, "साहेब, इतने में तो एक किताब और बन जाती." म्या ते कात्रण पिशवीत भरो अन् घरी आणो, पाणी तापवाच्या बंबात घालाले. हे कात्रण ध्यानात ठेवा जी.

पयल्या तीन वह्या झाल्या, ओल्याच होत्या, खळ ताजी. शफीभाई म्हणे, "शिकंजे में दबाके रखना, छाँव में, दो दिन." अन् तो गेला बाळापूरले भाचीच्या लग्नाले. आता तो वह्या दाबाचा शिकंजा माह्या घरी कुठून येणार? अन् महिना कोणता? मे! अकोल्याचा मे, तुमाले काय सांगाचं, शेहेचाळीस डिग्री! आपल्याकडं मे महिन्यात माणसाच्या हातात ओली वस्तू आली का पाय आपोआप गच्चीकडं वळते का नाही? वळले ना माहे! गच्चीवर मनकर्णाच्या कुरड्या, पापड, सरगुंडे पसरलेले, त्याइच्या बाजूले म्या तीन वह्या मांडल्या अन् खाली येऊन कूलरसमोर झोपलो. अन् मनकर्णा, इतकी इमानदार बाई, दुपारी वर गेली, पापड उलटवले, अन् म्हणे ह्याबी एका बाजूनं वाळल्या असतीन... वह्याबी उलटवल्या! संध्याकाळी वर जातो तर काय, पयले एका बाजूनं वाकल्या, मंग दुसऱ्या बाजूनं वाकल्या, पुठ्ठे असे कानासारखे वर! पलीकडच्या गच्चीवरून शकुनबाई ओरडली, "मनकर्णाबाई, हे कायचे पापड व? मस्त फुगले!" शफीभाई लग्नावरून आला, त्यानं तीनही वह्या वाकून पाहिल्या, अन् मंग म्हणे, "साहेब, बस तलना बाकी है."

पण चौथी वही! चौथी वही झाली ना जी, तर शफीभाईनं सोता हातात घेऊन उघडली, मिटली, उघडली, अन् म्हणे, "अब हाथ बैठा." हिरव्या कापडाची पाठ, आत मोरपंखी अबरी. म्या घरी आणली, मनकर्णाच्या पुढं ठेवली. तिनं पदराले हात पुसले, मंग उचलली. नाकाले लावली. "तुमी केली?" म्या म्हटलं, हाव. "खरंच तुमी केली?" म्या म्हटलं, हाव ना, आता मायची गाणी लिही ह्याच्यात! तर बाई उठली, कपाट उघडलं, दीक्षाच्या लग्नातलं रेशमी लुगडं काढलं, त्यात वही गुंडाळली, खणात ठेवली, किल्ली फिरवली अन् कमरेले खोसली! म्या म्हटलं, अवं, लिहाले दिली! तर म्हणते, "इतक्या चांगल्या वहीत माहं गिचमिड अक्षर? चौथी शिकलेली मी. पयल्याच पानावर चुकलं तं? खोडा लागलं तं?" म्या म्हटलं, वही कशाले असते, लिहाले का ठेवाले?

म्या विचार केला, वही लय चांगली झाली, इथंच चुकलं. आता खराब बांधाची! अन् तुमाले सांगतो, खराब होईना! हात बसला होता ना! पाठीले पोत्याचं कापड लावलं, खाकी कागद चढवला, म्हटलं आता तरी कोणी हिले जीव लावणार नाही, तर दीक्षा आली अन् म्हणे, "बाबा, हे तर आता फॅशन आहे!" घेऊन गेली. जावई अश्विनरावानं वहीचा फोटो स्टेटसला टाकला, "सासऱ्यांच्या हातची". म्या जावयाले फोनवर विचारलं, लिहिता काय? "बाबा, काही खास घडलं का लिहीन." तवापासून त्या माणसाच्या आयुष्यात खास काही घडलंच नाही! पोरगी झाली होती, तेही धरलं नाही! अशा सात वह्या बांधल्या जी, तीन पापड अन् ते हिरवी धरून अकरा, ज्याले दिली त्यानं ठेवली. शेवटी शफीभाईलेच विचारलं, तू काही लिहितो का बाप्पा? तो हसला. "साहेब, चालीस साल में एक सफा नहीं लिखा. मैं तो बाहर का आदमी, अंदर का काम तुमारा."

अन् इकडं मी रोज पाहो, मनकर्णा गहू निवडतानी गुणगुणे अन् मधीच थांबे. थांबली का मी हातातला सुई-दोरा खाली ठेवो. म्हटलं, गेली आजची एक ओळ.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मनकर्णा विहारात वंदनेले गेली होती. मले चहासंग पापड खावा वाटला, म्हणून सोताच तळाले निघालो. वरच्या फळीवरचा डबा काढला, झाकण निघेना, जोर लावला, अन् डबा उलटा झाला! खाली काय पडलं? पापड? नाही! कात्रण! माहं कात्रण! दोन बोटं रुंद, लांबच लांब पट्ट्या, सयपाकघरभर! अन् हरेक पट्टीवर निळ्या पेननं एक ओळ. मोठमोठं अक्षर, वर चढत जाणारं, कुठं खोडलेलं, कुठं दोनदा खोडलेलं. निंदणाची गाणी, जात्यावरची, लेकीची, भावाची... अन् कढईखालून एक पट्टी ओढली, त्याच्यावर होतं, "तुह्या शाळेच्या वाटेले म्या निंब लावला."

निज माये निज, वारा दारात थांबला, तुह्या शाळेच्या वाटेले म्या निंब लावला. सापडली होती जी, ओळ सापडली होती! शाळा चौथीत सुटली मनकर्णाची, पण माय तिच्यासाठी झाड लावून बसली होती. अन् मी, पाटबंधारे खात्याचा हेडक्लार्क, गॅसच्या पुढं खाली बसून रडलो. सांगाले काही लाज नाही.

तेवढ्यात ती आली. दारातच उभी. "पापड खालच्या डब्यात आहे." म्या म्हटलं, अवं, अकरा वह्या बांधल्या म्या, अन् तू कात्रणावर लिहून राहिली? तर म्हणते, "ते फेकाचंच होतं ना! चुकलं तरी कोणाचं काय जाते? चुकलं का बंबात." म्या म्हटलं, म्हणजे काही बंबात गेल्या? "गेल्या ना. चुकीच्या."

आता पट्ट्या शिवता येत नाही, चिकटवाच्या म्हटलं तर डबा म्या उलटा केलेला, साऱ्या गाण्यायची खिचडी! कोणती ओळ कोणाची, ते एकाच माणसाले ठाऊक. म्या म्हटलं, किल्ली दे, हिरवी वही काढ. ती म्हणे, नाही. म्या म्हटलं, तू एक अक्षरही लिहाचं नाही, मी चिकटवतो, चुकलं तं माहं चुकलं. तवा कुठं कमरेची किल्ली निघाली! मंग रोज दुपारी तिनं गावं, म्या पट्टी शोधावी, खळ लावावी, चिकटवावी. एखादी नाही भेटली तर तिनं पुन्हा गावं. एकेक गाणं दहा-दहा वेळा! वही फुगून अशी झाली का मिटेचना. शफीभाई म्हणे, "साहेब, पेट भरके खायी है, अब मुँह कैसे बंद करेगी?"

यंदा मार्चात नातीचा पयला वाढदिवस. वही घेऊन अमरावतीले गेलो. बाया म्हणल्या, आजी, गाणं. मी वही घेऊन तयार, पान काढलेलं, बोट ओळीवर! मनकर्णानं वहीकडं पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले अन् पयल्या ओळीपासून शेवटपर्यंत, निंब अन् निंबाच्या पुढचंबी, सारं तोंडपाठ! दहा-दहा वेळा गायली होती ना! माहं बोट तसंच वहीवर राहिलं. अन् दीक्षा रडत रडत आली, माह्या हातची वही घेतली, छातीशी धरली अन् म्हणे, "बाबा, हे मी जपून ठेवते." कपाट! प्लास्टिक! किल्ली! लेक कोणाची आहे!

आता तुमी म्हणसान, शेषराव, ह्या वयात इतकं सारं बराबर कसं आठवलं? आठवलं कायचं जी, लिहून आणलं! अध्यक्षसाहेब म्हणले होते, भाषण लिहून आणा. माह्या घरी माह्या हातची एक वही उरली आहे, निळी, कोरीकरकरीत. काल दुपारी समोर घेतली, पेन उघडलं, पयलं पान पाहिलं... इतकं साफ पान जी... म्हटलं, पयल्याच ओळीत चुकलं तं? खोडा लागलं तं?

हे पहा, खिशात. सतरा पट्ट्या. कात्रण.

अन् निळी वही? आहे ना, कपाटात, मनकर्णाच्या लुगड्यात गुंडाळून ठेवली म्या.