पेटी येईस्तवर

न्हाई अण्णा, छपरावरल्या सोलर प्लेटीची तार आत्ताच नका लावू — आदी बॅटरी पेटीला जोडा, मग प्लेटी, असं तुमीच मागं सांगितलं होतं न्हवं? मराठी कळतंय न्हवं तुमाला? व्हय, मग करा तुमचं काम, मी बसते हितं दवाखान्याच्या दारात. तुमच्यावर राग न्हाई कुणाचा. कंट्रोलरची पेटी बिघडलीय, गुलबर्ग्याला नेतो, आठ दिवसांत आणतो म्हणालात — आन् आज आलात, तीन महिन्यांनी. असंल काही अडचण.

जाताना आमच्या मालकांना सांगून गेलात — दवाखान्याचे शिपाई, अंकुशराव म्हणून हाक मारायचात की तुमी — त्येंना सांगितलंत, पेटी मधी नसताना प्लेटीची तार थेट बॅटरीला लावायची न्हाई. बॅटरी भरली की पेटीच करंट तोडते, ती नसली तर बॅटरी उकळते. ध्यानात ठेवलं त्येंनी. पण मग माझ्या जावेला, राजूबाईला, पिसाळलेलं कुत्रं चावलं. पोटात रोज एक सुई. तिचे दिवस भरत आलेले, सुईसाठी बसवकल्याणच्या मोठ्या दवाखान्यापतुर बसचे धक्के रोज कशी खाणार? म्हणून अनसूया सिस्टरनी सगळं औषध बर्फात घालून हितं आणलं, बॅटरीवरच्या ह्या फ्रिजमधी ठेवलं — आन् दुसऱ्याच दिवशी बॅटरी उतरली. गावची लाईट म्हणाल तर आली तर आली. सिस्टर म्हणाल्या, "अंकुशराव, औषध गरम झालं तर सुई टोचली काय आन् न टोचली काय."

मग त्येंनी तार थेट लावली. लावली आन् तिथंच बसले. तुमच्या पेटीचं काम माणसानं केलं, अण्णा — ऊन आलं की तार लावायची, बॅटरीला कान लावून बसायचं, बुडबुडे वाढले की काढायची, थांबून परत लावायची, दिवस मावळला की काढायची, न्हाईतर करंट उलटा प्लेटीत जातोय म्हणं. भाकरी मी हितंच आणायची. म्हणलं, घरी चला, दुसरं कुणी बसंल. तर म्हणाले, "कधी उकळायलीय ते दुसऱ्याला कळंल का? राजूबाईच्या सुया संपू दे."

एकच सुई राहिली होती. भर दुपारी तार काढताना ठिणगी पडली आन् बॅटरी फुटली. मी डबा घेऊन त्या लिंबाखाली पोचले होते. तेजाब सगळं तोंडावर. सिस्टरनी घागरीवर घागर ओतली, तरी डावा डोळा गेलाच. उजव्यानं दिसतंय, जरासं. औषध? औषध गारच होतं. दुसऱ्या दिवशी टोचली की शेवटची सुई.

वाचली राजूबाई. पोरगी झाली, गुटगुटीत हाय. रोज येती घरी, पोरगी त्येंच्या मांडीवर देती, पायाशी बसती. चांगलंच झालं की — पण मला तिचं तोंड बघवत न्हाई, अण्णा. ती हसली की वाटतंय, हिच्यापाई — हिला त्या कुत्र्यानं — न्हाई. हे मी कुणापाशी बोलले न्हवते. तुमीबी ऐकलं न्हाई.

थांबायलात कामून? स्क्रू घट्ट आवळा.

काय? भेटायचंय त्येंना? घरीच हायेत. आवाजावरनं ओळखतील तुमाला. रागवायचे न्हाईत, उलट जवळ बसवून घेतील, पेटी आली का, पेटीवरचा दिवा लागला का इचारतील, तुमाला चहा करायला मलाच सांगतील — आन् मी तो करायची न्हाई. म्हणून नका जाऊ. लागला न्हवं दिवा? मग सिस्टरची सही घ्या आन् निघा. तुमची बस उभी हाय.