वहिनीची परात

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या वहिनीचं ऐका. दादा तेव्हा पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या डाइंग मिलला होता. त्या उन्हाळ्यात मिलच्या बोअरचं पाणी आटलं आणि एक पाळी बंद होणार अशी बोलवा उठली. त्यातच दादाच्या खोलीवर सत्यनारायण, आणि पूजेला मिलचे मालक, खुद्द गुजराती शेठ आले.

वहिनीने त्यांना दारातच परातीत उभं केलं आणि तांब्याने पायांवर पाणी घातलं. शेठ गहिवरले. "अरे बेन, इतना मान! ऐसे तो तुम लोग जमाई के पैर धोते हो ना?"

"मान कसला शेठ, पाणी वाया जाऊ नये म्हणून," असं म्हणत, शेठ बाहेर येताच वहिनीने परात उचलली आणि दारातल्या दोडक्याच्या वेलाला ओतली.

दादाचा चेहरा पांढराफटक! शेठ मात्र वेलाकडे बघतच राहिले. "और बर्तन का पानी?"

"शेवटचं विसळलेलं ठेवते. पुढची खरकटी भांडी आधी त्यातच काढते."

महिनाभरात मिलमध्ये नवी टाकी उभी राहिली. कापडाच्या शेवटच्या धुलाईचं पाणी तिच्यात साठवायचं आणि पुढच्या मालाची पहिली धुलाई त्यातच करायची. पाळी वाचली.

टाकीच्या पूजेला शेठनी नारळ वहिनीच्याच हाती दिला. सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत. वहिनीने नारळ उचलला आणि हात तसाच वर थांबवला.

"शेठ, आधी वाटी आणा."

आणि एवढे नोकर उभे असताना, वाटी आणायला शेठ स्वतः धावले!