दीपेश खेळायला गेलाच नव्हता

लक्ष्मी : ...आनि मी सगल्या बायांसमोर साईनाथच्या आयशीला बोलली, तुझ्या पोराचा बॉल लागून माझा दीपेश खाटेवर परलाय, बघाला तरी आला का कोन? भर हलदीत बोलली मी, करिश्मा!

करिश्मा : अहो आई, दर्शनाच्या हळदीत? तिथे कशाला विषय काढलात?

लक्ष्मी : मग? पोटचा पोर हाय माझा. तर ती काय बोलते, "कंचा बॉल? दीपेश मॅचला आलाच नाय. तो नव्हता म्हनून तर फायनल हरली पोरं." सगल्या बाया फिदीफिदी हसाला लागल्या. सुनबाई, तूच सांग आता. रविवारी कुठं गेलेला तुझा नवरा?

करिश्मा : तुम्ही आधी बसा ना. पाणी आणते.

लक्ष्मी : पानी नको मना. माझा भाऊ विठ्ठल असाच खोटं बोलून दवाखान्यात जाचा. कलालं तवा हातात काय राहिलं नव्हतं. कॅन्सर हाय ना दीपेशला?

करिश्मा : नाही हो! भलतंच काय! एकवीरेची शपथ, तसलं काही नाही. मुलींची शपथ.

लक्ष्मी : पोरींची कशाला घेतेस? काढ ती शपथ. आनि सांग.

करिश्मा : आम्ही ठाण्याला गेलेलो, नौपाड्यात, डॉक्टरकडे. इथे कल्याणात कोणीतरी ओळखीचं भेटलं असतं म्हणून तिकडे. ऑपरेशन करून घेतलं. पुढे मुलं होऊ नयेत म्हणून.

लक्ष्मी : तू?

करिश्मा : मी नाही. दीपेशने.

लक्ष्मी : त्याने? ते तर बायांचं असतं.

करिश्मा : पुरुषांचंही असतं. उलट सोपं असतं. मी म्हटलेलं, मी करते. तर तोच बोलला, तुझं दोनदा पोट फाडलंय, आता माझा नंबर. मला तिसरं नको होतं, आई. छोटी आत्ता कुठे चालायला लागलीय. लॅबमध्ये मला आत्ता कुठे सीनियर केलंय. आणि तुम्ही दर सणाला विचारता, यंदा तरी नातू देशील ना? काय ओरडायचं ते मला ओरडा, त्याला नको.

दीपेश : (आतल्या खोलीतून) मलाच ओरड गं आये. आयडिया माझी होती.

लक्ष्मी : तू गप पर! ...दुखतं का रे चालताना?

दीपेश : आता नाय दुखत एवढं.

लक्ष्मी : आनि परवा मी गरम वीट घेऊन शेकाला बसली, तवा बोलाला काय झालेलं?

दीपेश : तेव्हा मी एकवीरा आईचा धावा करत होतो.

करिश्मा : आई? तुम्ही हसताय?

लक्ष्मी : मग काय करू? डोल्याला डोला नाय लागला माझा. मना वाटलं, भावासारखाच पोर पन चालला. जीव भांड्यात परला गं माझा!

करिश्मा : आणि नातू?

लक्ष्मी : खरं सांगू? मना पन पाच नको होती. दोन पोरी झाल्या तवाच आमच्या सुईनीला, ठमाबाईला, बोललेली, काय तरी कर, आता बास. ते सासूने ऐकलं. घराच्या बाहेर पाय टाकू दिला नाय. मग आनखी दोन पोरी, आनि मग हा. कोनी मना ईचारलंच नाय. तुला मी ईचाराची, कारन जो तो मना ईचारतो, तुझ्या नवऱ्याची, नाथाशेठची जमीन पुढं कोन बघनार? मी पन कंटाललेली. आता कोनी ईचारलं तर सांगेन, दुकान बंद!

दीपेश : आये, मोठ्याने नको ना बोलू. शेजारी ऐकतील.

लक्ष्मी : ऐकू दे.

करिश्मा : पण बाबा? ते म्हणतात, मुलींची लग्नं झाली की जमीन बाहेर जाईल.

लक्ष्मी : कुठं जाते जमीन? पाय हायत तिला? दोन नाती हायत, त्या बघतील. तुझ्या सासऱ्यांना मी सांगते. पन जेवल्यावर. उपाशी मानूस लवकर भरकतो... आता रडाला काय झालं तुला?

करिश्मा : लग्न झाल्यापासून घाबरत होते हो तुम्हाला.

लक्ष्मी : मी पन घाबराची माझ्या सासूला. शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाय. तू बोललीस, बरं केलंस गं बाय.